रस्ता उघडा आहे तोवर: 40/33 पीएलबी डक्टचं परीक्षण

रस्त्याचं काम चालू असतानाच ब्रॉडबँडसाठी रिकामी डक्ट (केबल घालायची नळी) गाडून ठेवायची आणि पुढे गरज पडेल तेव्हा फायबर केबल हवेच्या जोरावर त्यातून ढकलायची, ही कल्पना आता कायद्यातही आली आहे. 2023 च्या दूरसंचार कायद्यात पायाभूत प्रकल्पांबरोबर सामाईक डक्ट टाकण्याची आणि त्या सगळ्या सेवा कंपन्यांना खुल्या ठेवण्याची तरतूद आहे. मार्गाधिकाराचे (केबल-डक्टसाठी जागा वापरण्याच्या परवानगीचे) नवे नियम 1 जानेवारी 2025 पासून लागू झाले आहेत. तरीही साइटवर मूळ प्रश्न तोच उरतो: चरात नेमकं काय टाकायचं, किती टाकायचं, कधी टाकायचं? आपल्याकडे या कामात सर्वांत जास्त वापरली जाणारी वस्तू म्हणजे 40/33 ची पीएलबी (आतून कायमचं वंगण असलेली) एचडीपीई (कडक पॉलिथिन प्लास्टिकची) डक्ट. नगरपालिकांचे अभियंते, रस्त्याचे ठेकेदार आणि मोठ्या गृहसंकुलांचं अंतर्गत रस्त्यांचं काम पाहणारे लोक या तिघांसाठी हे परीक्षण आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. डक्ट उत्तम आहे आणि नीट टाकली तर रस्त्याचे दोन-तीन थर बदलेपर्यंत तिच्याकडे बघावं लागत नाही. वाया जाते ती सोबतच्या सामानामुळे आणि चुकीच्या लेव्हलमुळे. म्हणून एकट्या डक्टचा दर काढण्यात अर्थ नाही. कपलर (दोन तुकडे जोडणारा सांधा), एंड प्लग (तोंडाचं बूच), वॉर्निंग टेप (खोदणाऱ्याला सावध करणारी पट्टी), चेंबर (झाकणाचा खड्डा), चाचणी आणि नकाशा असा पूर्ण संच एका बाबीत घ्यावा.

40 मिमी बाहेरचा व्यास, 33 मिमी आतला, म्हणजे भिंत साडेतीन मिलिमीटरची. आतल्या अंगाला कायमस्वरूपी वंगणाचा घन थर असतो. तो तेलासारखा पुसला जात नाही किंवा वाळतही नाही. पीएलबी हे नाव त्याच्यावरूनच पडलं आहे, आणि साध्या पाण्याच्या एचडीपीई पाइपाशी तुलना केली तर सगळा फरक या थराचा. दूरसंचार खात्याच्या तांत्रिक निकषात घर्षणाचा गुणांक 0.06 च्या आत लागतो. पाण्याचा पाइप दिसायला तसाच असतो, स्वस्तही पडतो, आणि ठेकेदार तो सुचवतातच. तो घेऊ नका. केबल पहिले काहीशे मीटर जाते आणि मग अडते, आणि अडते ती डांबर पडून गेल्यावर.

माल आला की सर्वांत सोपी तपासणी वजनाची. डक्टचा बरोबर एक मीटरचा तुकडा कापून किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवावा. साडेतीन मिमी भिंतीचा तुकडा 380 ग्रॅमच्या आसपास भरतो. 330 ग्रॅम भरला तर भिंत तीन मिलिमीटरची आहे असं समजा. हजार मीटरच्या गुंडाळीत हा फरक 50 किलोचा होतो, म्हणून पातळ माल खपवण्याचा मोह असतो. व्हर्नियरने भिंत चार बाजूंनी मोजा, कारण एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ अशीही डक्ट येते, आणि तिचं सरासरी वजन बरोबर भरतं. कापलेल्या तोंडात बोट फिरवा: आतला थर भिंतीशी एकजीव, गुळगुळीत लागला पाहिजे. नखाने सोलून निघत असेल तर गुंडाळी परत पाठवा.

डक्टवर दर मीटरला कंपनीचं नाव, आकार, उत्पादनाची तारीख आणि चढता मीटर आकडा छापलेला असतो. हा आकडा म्हणजे फुकटात मिळालेली मोजपट्टी आहे. प्रत्येक चेंबरमध्ये डक्ट शिरते आणि निघते तिथले दोन्ही आकडे लिहून ठेवले की प्रत्यक्ष किती लांबी गाडली ते मोजमाप पुस्तकाशी ताडून बघता येतं. बिलाचे वाद यानेच मिटतात. छपाई अस्पष्ट असलेला माल या एका कारणासाठीसुद्धा नाकारावा.

हजार मीटरची गुंडाळी साधारण 380 किलोची असते, त्यामुळे ती उतरवायला हायड्रा (छोटी क्रेन) किंवा पुरेशी माणसं हवीत. ट्रकमधून ढकलून दिलेली गुंडाळी खालच्या फेऱ्यांत चपटी होते. ते वरून दिसत नाही, पुढे चाचणीत कळतं.

आता कपलर. या संचातली सर्वांत स्वस्त वस्तू हीच, आणि सर्वांत जास्त बिघाडही हिच्यातच. चांगल्या कपलरमध्ये दोन्ही बाजूंना रबरी ओ-रिंग आणि डक्टला पकडणारी दातेरी कडी असते, मध्ये थांबा असतो. डक्ट थांब्यापर्यंत आत गेलीच पाहिजे. ती गेली की नाही हे बाहेरून दिसत नाही, म्हणून आधी कपलरची अर्धी लांबी डक्टवर मार्करने आखायची आणि रेघ कपलरच्या कडेला टेकेपर्यंत डक्ट दाबायची. तोंड काटकोनात कापायला फिरता पाइप कटर वापरा. हॅकसॉने कापलं की काठाला कुसं राहतात, ती ओ-रिंगला चिरतात, आणि आतल्या बाजूला उरलेलं कुस केबलचं आवरण खरवडतं. कडेला थोडा उतार द्यायला छोटी सुरी पुरते.

साइटवर कपलर संपले की दोन गोष्टी घडतात. एक तर डक्टचं तोंड जाळावर गरम करून दुसऱ्या तोंडात कोंबतात. नाहीतर दोन तोंडं समोरासमोर ठेवून टेप आणि बांधकामाची तार गुंडाळतात. दोन्ही सांधे मातीखाली गेल्यावर सारखेच निकामी: हवा सुटते, गाळ शिरतो. यावर उपाय म्हणजे कपलर लागतील त्याच्या दीडपट आधीच साइटवर आणून ठेवणे. हजार मीटरची गुंडाळी आहे म्हणजे किलोमीटरला एकच सांधा, असा हिशेब कागदावर ठीक आहे. रस्त्याच्या कामात मोऱ्या येतात, जुन्या पाण्याच्या लाइनी येतात, डक्ट कापावी लागते, आणि सांध्यांची संख्या वाढतेच.

एक गोष्ट फार थोडे लोक सांगतात. एचडीपीई उन्हाने पसरतं आणि थंडाव्याने आकसतं, आणि हे प्रमाण धातूच्या कितीतरी पट आहे. 25 अंशांच्या फरकाला शंभर मीटर मोकळी डक्ट साधारण 40 सेंमी आखडते. दुपारी तापलेली डक्ट चरात ताणून टाकली, लगेच कपलर लावले आणि माती दुसऱ्या दिवशी लोटली, तर रात्रीत डक्ट आखडून कपलरमधून सरकलेली असते. म्हणून डक्ट चरात अंथरून रात्रभर तशीच सोडावी, सकाळी थंड असताना सांधे करावेत आणि लगेच माती द्यावी. रात्रभर चर उघडा ठेवणं शक्य नसेल तर मधला भाग भरून घ्या, सांध्याच्या जागा तेवढ्या उघड्या ठेवा. तोंडांना मात्र त्या रात्रीही प्लग हवेतच.

एंड प्लगबद्दल वेगळं लिहिण्यासारखं काही नाही, एवढंच की ते रबराचे आणि आवळून बसणारे असावेत. प्लास्टिकची पिशवी रबर बँडने बांधली तर पहिल्याच पावसात डक्ट गाळाने भरते. गाळ वाळून घट्ट झाला की तो हवेने निघत नाही.

आता मुद्दा वेळेचा, आणि इथेच रस्त्याचा ठेकेदार आणि ब्रॉडबँडवाले एकमेकांना चुकतात. डक्टची जागा रस्त्याच्या मध्यात नाही, कडेला आहे: पदपथाखाली, किंवा गटार आणि हद्दीच्या मधल्या पट्टीत. तिचा चर खोदायची योग्य वेळ म्हणजे जुन्या सेवावाहिन्या हलवून झाल्या, भराव आणि सबग्रेड (रस्त्याखालची माती) दाबून झाला, पण जीएसबीचा (खडीचा सर्वांत खालचा) थर पडायचा आहे, तेव्हाची. आडवे क्रॉसिंग तर जीएसबीच्या आधीच झाले पाहिजेत. काँक्रीटच्या रस्त्यात हे दुप्पट खरं, कारण पुढे काँक्रीटचं पॅनेल कापायचं म्हणजे पूर्ण पॅनेल काढून नवं ओतायचं, आणि नव्या-जुन्याचा सांधा कायम दुखणं होऊन बसतो.

खोली मोजताना एक चूक सर्रास होते. दूरसंचाराच्या कामात 1.65 मीटर खोली हा जुना मापदंड आहे, पण ती आज दिसणाऱ्या जमिनीपासून मोजली जाते. रस्ता तयार झाल्यावर त्याची लेव्हल अर्धा मीटर वर जाऊ शकते किंवा छाटून खाली येऊ शकते. छाटणीच्या भागात डक्ट अगदी वर येते आणि गटाराच्या खोदकामात जेसीबीच्या दातात सापडते. म्हणून खोली नेहमी रस्त्याच्या अंतिम लेव्हलपासून मोजा, आणि त्याच नकाशावर गटाराच्या तळाची लेव्हल लिहा. गटाराचं काम बहुतेकदा डक्टच्या नंतर, आणि वेगळ्या मुकादमाकडे असतं. त्या मुकादमाच्या हातात हा नकाशा नसेल तर बाकी सगळा समन्वय फक्त बैठकीच्या कागदावर.

चराचा तळ दगडमुक्त करून 5 ते 8 सेंमी वाळू किंवा चाळलेली माती अंथरा, डक्टच्या वरही तेवढाच थर द्या. टोकदार खडी डक्टवर थेट पडली आणि वरून रोलर गेला की डक्ट अंडाकृती होते. केबल तरीही जाईल असं वाटतं, पण हवेने जाताना ती तिथेच अडते. नंतरची माती 15 सेंमीच्या थरांत हातरॅमरने दाबा. डक्टवर 30 सेंमी भर होईपर्यंत कंपन करणारा रोलर चालवू नका. साधारण त्याच उंचीवर वॉर्निंग टेप टाका. टेप डक्टला चिकटवून टाकली तर तिचा उपयोग शून्य: जेसीबीवाल्याला ती दिसते तेव्हा डक्ट आधीच तुटलेली असते.

गुंडाळीतून निघालेली डक्ट सरळ पडत नाही, नागमोडी पडते. हा दोष बारीक वाटतो आणि सर्वांत महाग पडतो. हवेने केबल ढकलताना प्रत्येक वळण घर्षण वाढवतं. सरळ टाकलेल्या 40/33 मध्ये 8 ते 12 बार दाबावर एक किलोमीटर केबल एका दमात जाते. नागमोडी डक्टमध्ये ती अर्ध्या वाटेत थांबते आणि मग मधोमध नवा खड्डा घ्यावा लागतो, म्हणजे ज्यासाठी सगळा खटाटोप केला तेच पुन्हा. गुंडाळी फिरत्या स्टँडवर चढवून सोडा, माणसांनी चरातून ओढून सरळ करा, दोन-दोन मीटरवर माती टाकून दाबून धरा. जास्त डक्ट असतील तर स्पेसर (अंतर राखणारे तुकडे) लावा, नाहीतर त्या एकमेकींवर चढतात. वळणाची त्रिज्या किमान एक मीटर ठेवा. चेंबरमध्ये शिरताना अचानक वर वळवलेली डक्ट ही नेहमीची चूक आहे: चेंबर उथळ, चर खोल, आणि मध्ये हत्तीच्या सोंडेसारखा बाक.

काही कंपन्या आत आधीच दोर घातलेली डक्ट देतात. लांब पल्ल्याला ती घेऊ नये, असं आमचं मत आहे. दोर आत पिळतो, हवेच्या वाटेत येतो आणि काढताना भिंतीला घासतो. क्रॉसिंगच्या वीस-तीस मीटरच्या तुकड्याला मात्र दोर सोयीचा.

क्रॉसिंगला 40 ची डक्ट उघडी टाकू नका. तिला बाहेरून दुहेरी भिंतीच्या नालीदार डीडब्ल्यूसी पाइपाचं कवच द्या. 120/103 मध्ये 40 च्या तीन डक्ट सहज जातात. चौथी हिशेबात बसते, पण ओढताना अडते. म्हणून चार हव्या असतील तर 160/135 घ्या. प्रत्येक चौकात आणि दर काही शे मीटरवर एक आडवं क्रॉसिंग टाकून दोन्ही टोकांना चेंबर करा, मग रस्त्याच्या एकाच बाजूला मुख्य डक्ट असली तरी समोरच्या घरांसाठी डांबर कापावं लागत नाही.

पूल आणि मोऱ्या ही सर्वांत हमखास विसरली जाणारी जागा. पुलाचा ठेका वेगळा असतो, त्याची ड्रॉइंगं आधीच मंजूर झालेली असतात, आणि डक्टवाले पोहोचतात तोवर पदपथाचा स्लॅब ओतून झालेला असतो. मग कठड्याबाहेर जीआय पाइप क्लॅम्पने लटकतात, गंजतात, आणि चोरीलाही जातात. पुलाच्या पदपथात किंवा क्रॅश बॅरिअरच्या खाली स्लीव्ह (डक्ट जाण्यासाठीची बाही) सोडायची असेल तर ती ओतकामाच्या ड्रॉइंगमध्येच दाखवा आणि प्रसरण सांध्यापाशी सरकणारी बाही ठेवा. तिथे कडक जोड दिला तर पुलाच्या हालचालीने तो सुटतो.

चेंबर शहरात 50 ते 100 मीटरवर, मोकळ्या रस्त्यावर बरेच लांब चालतात. झाकणाचा दर्जा जागेनुसार घ्या. काँक्रीट झाकणांच्या भारतीय मानकात एलडी-2.5, एमडी-10, एचडी-20 आणि ईएचडी-35 असे हलक्या ते अतिजड भाराचे वर्ग आहेत. गाड्या जाणार तिथे एचडी-20 च्या खाली जाऊ नका. पदपथावर एमडी-10 पुरतं, पण पदपथावर ट्रक चढतात अशी बाजारपेठ असेल तर तिथेही एचडी. चौकट उचलता येणारी असावी, कारण पुढच्या डांबरीकरणात रस्ता वर येतो आणि झाकण थराखाली गडप होतं. रस्त्याच्या देखभालीच्या निविदेत ‘चेंबरच्या चौकटी अंतिम लेव्हलला उचलणे’ ही बाब स्वतंत्र लिहा. ती न लिहिल्यामुळे गाडली गेलेली चेंबर हे शहरांतलं नित्याचं दृश्य आहे.

चाचण्या तीन, आणि त्या या क्रमानेच. आधी हवेने कोरडा स्पंज सोडा, पाणी आणि माती निघते. मग 26 मिमीचा मँड्रेल (आतून फिरवायचा ठोकळा), म्हणजे आतल्या व्यासाच्या 80 टक्के. तो अडला तिथे डक्ट चपटी झाली आहे. शेवटी दोन्ही टोकं बंद करून 5 बार हवा भरा, अर्धा ते एक तास थांबा. काटा अर्ध्या बारपेक्षा जास्त उतरला तर कुठलातरी कपलर गळतो आहे. या चाचण्या दोनदा करायच्या: एकदा माती लोटल्यावर, एकदा डांबराचा शेवटचा थर पडल्यावर. पहिली चाचणी पास आणि दुसरी नापास झाली तर दोष रोलरच्या किंवा गटाराच्या कामाचा. हा फरक बिलात दिसतो, म्हणून दुसरी चाचणी टाळण्याची धडपड होते. डक्टच्या रकमेतला एक ठसठशीत भाग दुसऱ्या चाचणीपर्यंत राखून ठेवा आणि तसं निविदेत आधीच लिहा.

किती डक्ट टाकायच्या? चर, वाळू, मजुरी, टेप यांचा खर्च एक टाका की चार, जवळजवळ तोच. म्हणून दोन हे किमान, आणि शहरात चार वेगवेगळ्या रंगांच्या. त्यातली एक नेहमी रिकामी ठेवा, कुणालाही भाड्याने देऊ नका. केबल तुटली की नवी केबल त्या रिकाम्या डक्टमधून टाकून सेवा चालू करता येते आणि जुनी सावकाश काढता येते. जागा कमी पडली तर एका 40/33 मध्ये 10/8 च्या पाच मायक्रोडक्ट (बारीक नळ्या) ढकलता येतात, म्हणजे एका डक्टमध्ये पाच कंपन्या. हा पर्याय हाताशी असल्यामुळेच आम्ही 32/26 ऐवजी 40/33 सुचवतो.

थेट जमिनीत गाडायचे मायक्रोडक्टचे जुडगे, उदाहरणार्थ 14/10 च्या सात, दाट वस्तीच्या गल्लीत फार उपयोगी. एकेक नळी एकेका इमारतीला फोडता येते. पण त्यांचे कनेक्टर बारीक, प्रत्येक नळीची चाचणी वेगळी, आणि सांधे करणारा माणूस शिकलेला हवा. रस्त्याच्या ठेकेदाराच्या गँगकडून ते काम होत नाही, त्यासाठी केबलवाल्यांचीच माणसं लागतात. मुख्य रस्त्याला 40/33 आणि आतल्या गल्ल्यांना जुडगे, ही जोडणी आम्हाला सर्वांत सोयीची वाटते.

राहिली नोंद. डक्ट प्लास्टिकची आहे, त्यामुळे साधं केबल शोधक यंत्र तिला पकडत नाही. डक्टबरोबर तांब्याची ट्रेसर वायर (यंत्राला सापडणारी तार) टाका, किंवा वळणं, क्रॉसिंग आणि सांध्यांच्या जागी नारिंगी मार्कर बॉल (यंत्राने शोधता येणारे खुणेचे गोळे) पुरा. दूरसंचाराचे बॉल 101.4 किलोहर्ट्झला प्रतिसाद देतात आणि त्यांना बॅटरी लागत नाही. माती लोटण्याआधी दर दहा मीटरला आणि प्रत्येक वळणाला डीजीपीएसचा (अचूक उपग्रह मोजणीचा) बिंदू घ्या, रस्त्याच्या मध्यरेषेपासूनचं अंतर आणि चेनेज (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर) लिहा, चरात स्टाफ (मोजणीची काठी) उभा करून फोटो काढा. ‘पुढे मोजू’ म्हटलं की ते मोजलं जात नाही. खोदण्याआधी जमिनीखालच्या मालमत्तेच्या मालकांना कळवण्यासाठी 22 मार्च 2023 ला ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू झालं आहे. पण डक्टच्या मालकाने आपली रेषा तिथे भरलेली नसेल तर खोदणाऱ्याला तिचा पत्ता लागणार नाही. म्हणून हस्तांतराच्या वेळी कागदी नकाशाबरोबर डिजिटल फाइल घ्या आणि ती त्या ॲपच्या पोर्टलवर चढल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखला देऊ नका.

आणि त्या दाखल्यावर मालकाचं नाव हवं. डक्ट रस्ते विभागाची की महापालिकेची, चेंबरची किल्ली कुणाकडे, भाडं कुणाला, आणि पाणीपुरवठ्याच्या गँगने ती तोडली तर दुरुस्ती कुणाच्या खात्यात, हे चार प्रश्न दोषदायित्वाचा (ठेकेदाराने दोष दुरुस्त करून द्यायचा) कालावधी सुरू होण्याआधी लेखी सुटलेले असावेत. बेवारस डक्टमध्ये केबल टाकायला एकही कंपनी तयार होत नाही, कारण बिघाड झाला तर झाकण उघडायची परवानगी कुणाकडे मागायची हेच तिला माहीत नसतं. मग ती आपला वेगळा चर खोदते.